टोमॅटोच्या दोन ओळी

पिंपरी पेंढार, बुधवार, २००३

तीन केमो झाल्या. केस गेले, तोंड आलं, आणि आज पुण्याच्या डॉक्टरांनी पट्टीनं मोजलं तर छातीतली गाठ आहे तेवढीच! म्हणाले, "औषध लागू पडलं नाही, बदलू." मग हे आधी का नाही कळलं? "दिल्याशिवाय कळत नाही, बाई." इतकं सहज!

भावासोबत घरी आले, तर हे पंप पाठीला लावून टोमॅटोत. नवं औषध दोनच ओळींवर मारत होते. बाकीच्यांचं काय, विचारलं.

"आगं, लागू पडतंय का आधी बघाया नको? समदा प्लॉट जळंल."

तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्यावर कशाला चिडू? पण मग कुणावर? गाठ आहे तेवढीच. टोमॅटोच्या दोन ओळी जळल्या तरी प्लॉट राहतो. माझं अंग एकच आहे.