उदारामचं फोल्डर

१७ नोव्हेंबर २००८, फुलचूर
मानवजातीने सोसलेल्या अन्यायांत माझ्या खुर्चीची नोंद व्हावी. तिला पाय तीन. चौथ्याच्या जागी भुशाचं पोतं. बाकी झकास. राईस मिलचा धान मोजायचा प्रोग्राम पायथन या संगणकभाषेत आहे. पायथनची नवी आवृत्ती आली की ती बसवायची, एवढीच नोकरी. इथली रीत अशी, की प्रत्येक ऑपरेटर आपल्या नावाच्या फोल्डरात आपली आवृत्ती बसवतो आणि जुनी कोणी काढत नाही. ‘उदाराम’मध्ये २.४, ‘जागेश्वर’मध्ये २.५. दोघेही अजून मिलमध्येच आहेत, एक वजनकाट्यावर, दुसरा गोदामात. मी माझं ‘योगराज’ केलं, २.६ बसवलं.

२१ नोव्हेंबर
डिस्क तुडुंब. नव्या डिस्कचं नाव काढलं तर मिलमालक श्यामलाल सेठ हसला. उदारामला सांगितलं, तुमचं जुनं काढतो. तो म्हणाला, काऊन काढता साहेब, पडून राहिलं, तुमचं का खाऊन राहिलं? मी प्रगतीवर व्याख्यान दिलं आणि संध्याकाळी काढलं.

२२ नोव्हेंबर
संगणकाच्या पेटीमागे शेंबडासारखा चिकट गोळा. कोमट. हौदात सडलेल्या धानाचा वास. फडक्याने उचलला तर आत केस, नखं, तंबाखूने काळी पडलेली एक दाढ. दुपारपर्यंत ओकत होतो. वजनकाट्यावर उदाराम नाही. सेठने विचारलं, कौन उदाराम?

२५ नोव्हेंबर
हजेरीपत्रकात त्याची ओळच नाही. जागेश्वरला मात्र तो आठवतो. म्हणाला, माहं फोल्डर नोका काढू साहेब, लेकरं लहान हायेत.
दहादा हात धुतले. वास जात नाही—

४ डिसेंबर
काल ३.० आलं. सेठने नवी ऑपरेटर आणली, गुंजन. हसतमुख. आपल्या नावाचं फोल्डर करून बसली. जागा पुरत नाही म्हणते. तिला सगळं सांगितलं— हसली. सेठचा हुकूम, कल तक एक पुराना हटाओ.
उरलीत दोनच. जागेश्वरचं. माझं.

५ डिसेंबर
जेवण गेलं नाही. दाढ हलते—
गुंजनने विचारलं, सर, जुनं कोणतं काढू? जागेश्वर दारात, हात जोडून—
उदारामचं तेवढं देणं माझ्याकडे आहे. हळूच म्हटलं, योगराज. आणि उद्या नाक दाबून ये.
बटणावर तिचं बोट— कोमट, चिकट लागतंय, पायांपासून वर ये