वय झालं, हे कारण नव्हे

मी, वत्सला हैबतराव टिपणीस, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार रोहा, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि कुणाची भीडभाड न ठेवता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी आधी 'वयोमानानुसार प्रकृती ठीक' असे लिहिले होते. 'वयोमानानुसार' हा शब्द मी त्यांना खोडायला लावला आणि तिथे सहीही घेतली. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझा भाचा शरद याला दिले होते. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

कलम १. माझे राहते घर, पडवी व मागील परसासह, माझ्या स्वकष्टार्जित पगारातून बांधलेले आहे. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. हे घर माझ्या पश्चात हौसा जनू म्हात्रे, राहणार जिते, हिच्या मालकीचे होईल. रक्ताचा भाचा असताना परकीला घर का, असे शरद विचारील. त्याचे उत्तर इथेच लिहून ठेवते.

माझी थोरली बहीण विमल ऐन तारुण्यात विधवा झाली. पेणला पापड लाटून ती पोट भरत असे. शरद शिकावा म्हणून तिने त्याला माझ्याकडे ठेवले, आणि मी त्याला पोटच्या मुलासारखा वाढवला. पुढे त्याला कंपनीत नोकरी लागली आणि तो पेणला आईजवळ राहू लागला. साठी उलटल्यावर विमलला दम लागू लागला, पाय सुजू लागले. मी शरदला बजावले की हिला मुंबईला दाखव. तो पुढच्या खेपेस म्हणाला, दाखवले, डॉक्टर म्हणतात वय झाले, काही करण्यासारखे नाही. मी विश्वास ठेवला. मी वाढवलेला मुलगा होता तो.

त्या पावसाळ्यात विमल गेली. तिची शुश्रूषा हौसाने केली होती. ही जित्याहून पेणला वाल विकायला यायची, पापडांच्या निमित्ताने तिची विमलशी गट्टी जमली होती. दिवस झाल्यावर तिने मला बाजूला घेतले आणि म्हणाली, "बाई, डॉक्टरनं सांगितलं व्हतं, मुंबईला न्या, ऑपरेशन व्हईल. शरददादा नेतो नेतो बोलला. त्याला शिफ्ट सोडून जायाचं नव्हतं." पुढे म्हणाली, "त्यानं आईला सांगितलं, मावशीपन बोलते का वय झालं. मग विमलबाय गप झाली. मना बोलली, गो हौसे, वत्सला येवढी शिकलेली, ती बोलते म्हंजे खरंच असंल."

पैसे वाचवण्यासाठी केले असते तर मी समजू शकले असते. त्याने रजा वाचवली. आणि माझी बहीण, मीच तिचा नाद सोडला असे समजून मेली. माझा विश्वासघात झाला, हे मी इथे स्वच्छ शब्दांत नोंदवते.

कलम २. पितळी सूक्ष्मदर्शक शाळेला देऊ नये. निरोपाच्या दिवशी शाळेने मला शाल-श्रीफळ दिले, प्रयोगशाळा तुमचीच आहे असे भाषणात सांगितले आणि त्याच संध्याकाळी किल्ली मागून घेतली. सूक्ष्मदर्शक माझा विद्यार्थी, पेणचा वकील गोपाळ बाबाजी पाटील याला द्यावा. नववीत त्याने त्याची काच फोडली आणि विचारायच्या आत येऊन सांगितले. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच.

कलम ३. 'वय झालं' याविषयी. शरदला मी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तूच शिकवलंस ना, शेंगा पिकल्या की वेल वाळायचाच."

होय, शिकवले. दरवर्षी परसात वालाचे दोन वेल चढवायचे. एकाच्या शेंगा वेलावरच पिकू द्यायच्या, दुसऱ्याच्या कोवळ्या असतानाच खुडायच्या. पहिला शिमग्याच्या आत पिवळा पडतो, दुसरा पुढेही फुलत राहतो. बी तयार झाले की वेल स्वतःची डागडुजी सोडतो. प्राण्यांचेही थोडेफार असेच. देह रोज झिजतो आणि रोज झीज भरून काढतो. पिल्ले हिंडूफिरू लागली की हे भरून काढणे ढिले पडत जाते, कारण निसर्गाला त्या देहाचे सोयरसुतक उरत नाही. म्हातारपण ते हेच, आणि पुढचे मरणही. यात पूर्वजन्म नाही, पाप नाही, कुणाचा हुकूमही नाही. पण निसर्गाला सोयरसुतक नसले तरी आपल्याला असते. म्हणून तर चष्मा, काठी, औषध. देहाने सोडलेले काम शेजारच्या माणसाने उचलायचे असते. दुसऱ्या वेलाच्या शेंगांची भाजी शरदने पोटभर खाल्ली आहे. धडा मात्र त्याने सोयीचा तेवढाच लक्षात ठेवला.

सबब माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून 'वार्धक्य' लिहू देऊ नये. हृदय, मूत्रपिंड, जे काही बंद पडले असेल त्याचे नाव लिहावे.

कलम ४. बँकेतील सर्व ठेव गोपाळने विश्वस्त म्हणून ताब्यात घ्यावी. ती शरदच्या हाती देऊ नये. शरदच्या उपचारांवर खर्च करावी आणि बिले थेट इस्पितळात भरावीत.

मसुदा तपासताना हे कलम वाचून गोपाळने लेखणी खाली ठेवली, म्हणून खुलासा करते. यंदा गणपतीत शरद मुलासोबत आला होता. अंगणातच बसला, बोलता येईना. चपलेचा पट्टा सुजलेल्या पायात रुतला होता. डॉक्टरला दाखवलेस का, असे मी विचारले. "काही नाही मावशी, वय झालं आता," तो म्हणाला. बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या मुलाने मान डोलावली.

मी मरेपर्यंत थांबणार नाही. येत्या सोमवारी मुंबईची गाडी ठरवली आहे, मीही सोबत जाणार आहे. हे कलम मी मध्येच गेले तर उपयोगी पडावे म्हणून. शरद नको म्हणेल, त्याचे ऐकू नये. त्याचा मुलगा नको म्हणेल, त्याचे तर मुळीच ऐकू नये.

याला कुणी क्षमा समजू नये. क्षमा विमलने करायची होती, आणि आपला घात झाला हे तिला कळलेच नाही. माझा राग माझ्याबरोबर जळेल. पण वत्सलाबाईही म्हणाल्या वय झालं, असे त्या पोराने आपल्या बापाला सांगता कामा नये. मी तसे तेव्हा म्हटले नव्हते आणि आजही म्हणत नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण : रोहा
दिनांक : ७ ऑक्टोबर २००४

(सही) वत्सला हैबतराव टिपणीस

साक्षीदार :
१. (सही) मोरेश्वर दिनानाथ कर्णिक, राहणार रोहा
२. (सही) पोपट रघू ठाकूर, राहणार हमरापूर, तालुका पेण