गालिच्यातला बेदाणा

१२ मार्च २००५, शनिवार
सकाळी पुण्याहून वहिनींचा फोन. पाडव्याला येतायत. अक्षयने, म्हणजे त्यांच्या मुलाने, मोठा फ्लॅट घेतला. दादाचा गालिचा मांडायला आता जागा झाली, जाताना घेऊन जाईन म्हणाल्या.
दादा गेल्यावर इथलं घर सोडून त्या मुलाकडे गेल्या, तेव्हापासून गालिचा आमच्याकडे. दादाने श्रीनगरहून आणलेला, डाळिंबी लाल. दरवेळी फोनवर एक वाक्य ठरलेलं. "भाऊजी, दिला नाहीये हं. ठेवलाय." मी हसतो. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि वहिनी घरात नव्या नव्या आलेल्या. माझे डबे, माझी बटणं, माझी आजारपणं त्यांनीच केली. त्यांनी ठेवायला दिलेली ही एकच वस्तू.
संध्याकाळी उलगडून पाहिला. खिडकीकडच्या कोपऱ्यात चहाचा डाग. सौ. म्हणते तुम्हीच सांडलात. असेल.

१३ मार्च, रवि.
सौ.चं म्हणणं, रिठ्याच्या पाण्याने पुसते, गॅलरीत सावलीत टाकते, नाही गेला तर राहू दे. "वापरातल्या वस्तूला एक डाग असायचाच."
मला पटत नाही. सारी नोकरी अंबडच्या कारखान्यात क्यूसीत, माल तपासण्यात काढली. डाग असलेला माल मी कधी गेटबाहेर सोडला नाही, तो वहिनींना कसा देऊ? पेपरात जाहिरात आहे, गालिचे, सोफे मशीनवर शाम्पूने धुऊन मिळतील. ज्याचं काम त्याने करावं.

१५ मार्च, मंगळ.
धुलाईवाला येऊन गेला. नाव शैलेश. टाय, चकचकीत बूट, तोंडात बडीशेप. अल्बम दाखवला, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. नंतरच्या फोटोत डाग गेलेला होता आणि खालची फरशीही बदललेली होती. तेव्हाच माल परत पाठवायला हवा होता.
त्याला रफू दाखवलं. दादाच्या सिगरेटने पडलेलं भोक, वहिनींनी स्वतः बसून भरलेलं, लोकर जुळवून. म्हटलं, इथे मशीन नाही फिरवायचं, आणि उन्हात नाही वाळवायचा.
"काका, टेन्शनच घेऊ नका. आपलं सगळं सायंटिफिक असतं. शनिवारी घरपोच."
गुंडाळी करून टेंपोत टाकताना एक टोक रस्त्यावर घासत नेलं. ओरडलो तर म्हणतो, "धुवायचाच आहे ना काका."

१९ मार्च, शनि.
आला नाही. फोन उचलत नाही.

२२ मार्च
शै.चा फोन लागला एकदाचा. म्हणे वाळतोय, हवेत ओल आहे. मार्चात, नाशकात ओल. गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि याला ओल लागते.

२४ मार्च, गुरु.
गालिचा आला. लिहायला किळस येतेय.
उलगडला आणि वास सुटला. काडेपेटी पेटवल्यावर येतो तसा, नाकात चढणारा, आणि त्याखाली गोडसर आंबूस. सौ. पदर नाकाला लावून आत गेली. हात फिरवला तर बोटं चिकटली. लोकरीत काहीतरी टोचलं. ओढून काढलं, बेदाणा. मग दुसरा. देठासकट. पुष्कळ निघाले, एकात एक अडकून बसलेले.
रंग गेला. डाळिंबीचा मळकट गुलाबी झालाय, तोही सारखा नाही, आडव्या पट्ट्यांचा. जाळीवर ठेवल्यासारख्या.
चहाचा डाग मात्र जागच्या जागी. उलट आता लांबूनही दिसतो.
आधी वाटलं गालिचा बदलला. कोपरा उलटून पाहिला, रफू आहे. आपलाच आहे. बदललेला असता तर बरं झालं असतं, खरा कुठेतरी शोधता आला असता.

२५ मार्च
शै.च्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल. मूठभर बेदाणे त्याच्या काचेवर ठेवले. न लाजता म्हणाला, "काका, ड्रायिंग पिंपळगावला होतं. मेहुण्याचं बेदाण्याचं शेड आहे. हवा एक नंबर, ऊन नाही. तुम्हीच म्हणाले होते ना, उन्हात नको."
म्हणजे माझ्यावरच. मी तसाच उठून आलो. तिथे थांबलो असतो तर हात उगारला असता, आणि या वयात ते शोभलं नसतं.

२७ मार्च, रवि.
एस.टी.ने पिंपळगाव बसवंत. सौ. म्हणाली, जाऊन काय मिळणार? काही नाही. माल कुठे बिघडला ते पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही, एवढंच.
बायपासच्या पलीकडे हिरव्या जाळीने झाकलेलं लांबलचक शेड. आत ताणलेल्या जाळ्यांचे थरावर थर, वर द्राक्षं पसरलेली, त्यावर औषध मारलेलं, ते खाली ठिबकतंय. आणि अगदी खालच्या थरावर लोकांचे गालिचे. एकावर कुणाच्या तरी बाळाचा पायमोजा तसाच अडकलेला. माशा. मी रुमाल काढला.
मेहुणा भला माणूस निघाला, चहा दिला.
"आवो बाबा, येवढा माल आमी करतो, गंधकाची धुरी दिल्याबिगर कलर येत नाय. प्लास्टिक टाकायचं चारी बाजूनी अन् धुरी सोडायची."
"आणि गालिचा?"
"तो व्हता ना खाली. वल्ला लय जड हाय तो, कोन काढील? अन् धुरीनं कसर लागत नाय. फायदाच झाला तुमचा."
"माझ्या गालिच्याचा रंग उडाला."
"कलर येतो ते मालाचं सांगितलं, बाबा. सतरंजीचं नाय."
निघताना पुडीत बेदाणे बांधून दिले. स्टँडवर गाईपुढे टाकले. तिनेही हुंगून तोंड फिरवलं.

३० मार्च, बुध.
रंगपंचमी. खाली गल्लीत पोरं रंगांनी चिंब, आणि आमच्या घरात एक रंग गेला म्हणून सुतक. सौ.ने रिठे उकळून दोनदा पुसलं. चिकटपणा थोडा कमी. मग मुंग्या लागल्या. भिंतीवरून रांग थेट गालिच्यात. खडूची रेघ ओढली, रेघेला वळसा घालून आल्या. वास जात नाही. परवा आलेले शेजारी विचारत होते, गॅस गळतोय का.

३ एप्रिल, रवि.
शै. स्वतःहून आला. आज टाय नाही. पैसे परत देतो म्हणाला, मग त्याहून भारी कल्पना काढली. मालेगावला ओळखीचा रंगारी आहे, पुन्हा लाल करून देतो, "कोणाला कळणार पण नाही काका."
आयुष्यभर हेच वाक्य ऐकून माल नाकारत आलो. त्याला म्हटलं, जिन्यावरून सावकाश उतर आणि पुन्हा दिसू नकोस. त्याचा राग आला त्याहून जास्त मला स्वतःची शिसारी आली, कारण तो गेल्यावर मी थोडा वेळ खरोखर विचार करत होतो. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना काय लाल आणि काय...
पुढचं लिहीत नाही.

८ एप्रिल, शुक्र.
सौ. : "फोनवर सांगून टाका. येऊन धक्का बसण्यापेक्षा बरं."
फोन लावला. वहिनींनी विचारलं, श्रीखंडाला चक्का घरी टांगलाय की विकतचा? मी म्हटलं घरचा. ठेवून दिला.

९ एप्रिल, पाडवा
वहिनी आल्या. गुढी, जेवणं झाली. गालिचा आतल्या खोलीत गुंडाळून होता. पान खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "काढा की भाऊजी."
मी उलगडला. त्या हळूच खाली बसल्या, गुडघे दुखतात तरी. तळवा फिरवत फिरवत कोपऱ्याशी गेल्या, रफू सापडलं. "माझेच टाके आहेत," म्हणाल्या. मग लोकरीतून एक बेदाणा काढून चष्म्याजवळ धरला.
तेव्हा सगळं सांगितलं. टाय, फोटो, पिंपळगाव, धुरी, रंगाऱ्याचं पण. शै.ला शिव्या घातल्या, सौ.ने डोळे वटारले तरी. वहिनी ऐकत होत्या. हसतील वाटलं, हसल्या नाहीत.
"आणि एवढं कशासाठी?"
"चहाचा डाग होता."
"तो होताच. ह्यांच्या हातून सांडला होता, श्रीनगरहून आणला त्याच आठवड्यात. मीच काढला नाही."
सौ. चहा करायला उठली. मी डागाकडे बघत बसलो. तेवढा एकच शाबूत आहे.

१० एप्रिल, रवि.
सकाळी वहिनी निघाल्या. मी गालिचा बांधून खाली आणला, रिक्षात घालायला लागलो. त्यांनी हात आडवा केला.
"राहू दे भाऊजी. इथेच राहू दे."
"वास जाईल हळूहळू."
"जाईल." रिक्षा निघाली. वळून पाहिलं की नाही ते दिसलं नाही, मध्ये पडदा होता.
गालिचा परत वर आणला. आज त्यांनी दिला म्हटलं नाही, आणि ठेवलाय असंही म्हटलं नाही. सौ. म्हणते, फोन करून सरळ विचारा. पोचल्याचा फोन येईल तेव्हा विचारू म्हटलं.
रात्र झाली. अजून आलेला नाही.