दोन सीटांची गाडी

४ मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालतो. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करावा तर तू कायम स्टिअरिंगवर असतोस, आणि चालवणाऱ्याशी बोलायचं नाही हे मी जन्मभर लोकांकडून घोकून घेत आलोय. तेव्हा हे कागद. घरी आलास की जेवणखाण झाल्यावर सावकाश वाच.

तर, मी गाडी घेतोय. ड्रायव्हिंग क्लासची नाही, माझी. स्पोर्ट्स कार. दोन सीटांची, बुटकी, नाक पुढं काढून बसलेली. हसून घे, मी थांबतो.

झालं? आता ऐक. आयुष्यभर मी शेजारच्या सीटवर बसून गाडी चालवली. तू ट्रकवर बसून देश पालथा घातलास आणि मी त्याच चार गल्ल्यांमधून, रांगणाऱ्या पोराच्या वेगानं, दुसऱ्यांच्या हातातली गाडी हाकत बसलो. "क्लच सोडा हळू, हळू म्हटलं मी." माझ्या पायाखालचा जादा ब्रेक दाबून दाबून गुडघा गेला. आता पुरे. क्लास मी आमच्या दुसऱ्या मास्तरला सोपवला. लोक विचारतात, एवढ्यात का? कंटाळा आला, दुसरं काय. खरंच आलाय रे. सकाळी उठून गाडीवरची ती 'शिकाऊ' पाटी पुसायचासुद्धा कंटाळा येतो.

घोडं अडलंय ते मॉडेलपाशी. बेस, म्हणजे साधी, घ्यायची की वरचं मॉडेल? बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. वरचीचं इंजिन मोठं, टायर रुंद नि चपटे, स्प्रिंगा कडक, सीट अशी की दोन्ही बाजूंनी बरगड्या धरून ठेवते. मी दोन्ही चालवून पाहिल्या. वरची म्हणजे काय सांगू! पाय टेकवला की पोट मागं राहतं. आणि ब्रेक? मी मुद्दाम तपासला. जागच्या जागी खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली.

पण रोजची म्हणून बघायला गेलं तर तिच्यात सुख नाही. रस्त्यात नाणं पडलं असेल तर छापा की काटा ते कमरेला कळतं. गतिरोधक दिसला की तिरकी घ्यायची, नाहीतर पोट घासतं. सकाळी चालू केली की शेजाऱ्यांची झोपमोड. बेस त्या मानानं समजूतदार. खड्डा गिळून टाकते, आवाज बेताचा. विक्रेता मोठा गोड पोरगा आहे, तो म्हणाला, "काका, रोज कुठं नेणार गाडी?" मी म्हटलं, "बायकोला लॅबमध्ये सोडायला आणि आणायला." त्यानं बेसचा कागद पुढं सरकवला. बरोबरच आहे. सिग्नलला दोन्ही गाड्या सारख्याच उभ्या राहतात.

तुझी वहिनी अजून पहाटेची पहिली बस पकडते. दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढते आणि संध्याकाळी दोन बस बदलून येते. तिला विचारलं तर म्हणते, "तुमचं लक्ष कुठं असतं हल्ली? दाराची चौकट दिसत नाही, गाडी काय घेताय!" बायकांचं आपलं काहीतरी.

तू म्हणालास तुझ्या ट्रकचा आरसा पुन्हा कुणी उडवला. लोकांना अक्कल नाही, हेच खरं.

तू गाड्यांतला माणूस. कोणती घेऊ ते दोन ओळीत कळव.

तुझा,
दादा


२२ मे

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. "दादा, वरचीच घे, मेल्यावर बिनइंजिनाच्या तिरडीवरच जायचंय." वहिनीला वाचून दाखवलं, ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून तुला हे आधी सांगितलं.

बाकीचं आता लिहितो. मागच्या पत्रात लिहायचं होतं, पण पेन दुसरीकडंच वळत राहिलं.

वरच्या मॉडेलचा ब्रेक मी मुद्दाम तपासला नव्हता. शोरूमकडं परत येताना वळणावर एक बाई सायकलवरून आल्या, हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. लपूनछपून नाही, भर उजेडात, बाजूच्या रस्त्यानं सरळ. विक्रेता पोरगा "काका!" म्हणून किंचाळला तेव्हा मी पाय मारला. त्या बाईंनी बॉनेटवर तळहात टेकला आणि नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. एकदा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगा म्हणाला, "तुम्हाला दिसल्या नाहीत?" मी म्हटलं, "ब्रेक बघत होतो." किती पटकन तोंडात आलं बघ.

घरी येऊन दोन दिवस मी रस्त्याला नावं ठेवली, वळणावरच्या झाडाला नावं ठेवली. मग तुझी वहिनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान पण शांत. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्यावर नजर लावायची आणि आजूबाजूला कुठं दिवा चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं यंत्र बिघडलंय, कितीतरी वेळ काही चमकतच नव्हतं. मी बाहेर तोंड काढून म्हटलंसुद्धा, "बाई, लाईट गेली का?" त्या म्हणाल्या, "नाही काका. चमकतायत दिवे."

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. कडेची नजर गेलीय आणि गेलेली परत येत नाही. थेंब घालायचे रोज, म्हणजे उरलीय ती टिकेल. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं एकदम लख्ख. मी पेपरातल्या बारीक जाहिराती वाचतो, लांबची पाटी वाचतो, म्हणून शंकाही आली नाही. कडेचं कुणीतरी पुसून टाकलंय, आणि पुसलेल्या जागी डोकं आपल्या मनानं रिकामा रस्ता काढून ठेवतं. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. मला काळोख दिसत नाही रे. रिकामा रस्ता दिसतो.

"गाडी?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तुझ्या वहिनीनं माझा हात धरला नाही, बरं केलं.

शोरूमला फोन करून सांगावं म्हटलं, राहू दे. वहिनीनं फोन हातातून काढून घेतला. "का राहू दे?"

"चालवणार कोण?"

"मी."

तुला माहीत आहे तिचं ड्रायव्हिंग. लायसन्स मिळाल्यावर सराव म्हणून मी शिकवायला बसलो होतो आणि ती भर चौकात गाडीतून उतरून चालत घरी गेली होती. त्यानंतर तिनं चाकाला हात लावला नाही. मी म्हटलं, "मग एखादी साधी छोटी गाडी घेऊ, चार दारांची."

"आणि रोज सकाळी त्या गाडीत बसून मला आठवायचं, की यांना दुसरी हवी होती? काही नको. तीच घ्यायची. मी तरी कुठं बसलेय असल्या गाडीत कधी?"

रोज संध्याकाळी आम्ही क्लासची गाडी मागून आणली. मास्तर शेजारी बसायचा, मी मागं. मला तोंड उघडायची बंदी. दिवसभर सुया टोचून आलेली बाई, तीन-तीनदा इंजिन बंद पाडायची, पुन्हा चालू करायची. घरी आली की बूट न काढता खाटेवर आडवी. मी दिलेला चहा तसाच गार व्हायचा. एकदा म्हणाली, "मला नाही जमत हो." मी म्हटलं, "नको करू." तर उठून बसली आणि म्हणाली, "तुम्ही नका सांगू नको करू म्हणून." मी चहा पुन्हा गरम केला.

पण जमलं. गेल्या आठवड्यात आम्ही दोन्ही मॉडेलं पुन्हा फिरवून आणली. ती चालवायला, मी शेजारी. आधी वरची. तिनं त्या मोठ्या रस्त्याला लागून जो पाय दिला, माझी टोपी मागं उडाली. तुझी वहिनी, टिल्लू! परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मग बेस. तीही फिरवली, खड्ड्यांतून, बाजारातून, लॅबच्या दारापर्यंत. पोरानं विचारलं, "मॅडम, कोणती?"

माझा जीव वरचीत होता. खोटं कशाला बोलू, चालवायची नाही तरी तिच्यातच होता. मी म्हटलं, "तुला जी आवडली ती." वहिनी मला बाजूला घेऊन गेली.

"त्या गाडीत तुम्ही मला काहीतरी म्हणालात. ऐकू आलं नाही मला, एवढा आवाज."

"डावीकडून रिक्षा येतेय का बघ, म्हटलं."

"रिक्षा मला दिसतात. पण तुम्ही बोलाल ते ऐकू यायला पाहिजे. आणि मी सांगेन ते तुम्हाला. पुढं जास्त लागणार आहे ते."

तिनं बेस ठरवली. मी वरचीत एकदा जाऊन बसलो, बंद गाडीत. त्या सीटनं बरगड्या धरल्या. थोडा वेळ बसलो आणि उतरलो. बेस परवा दारात आली.

आता मूळ गोष्ट. इतकी पानं लिहिली ती हे टाळण्यासाठीच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?" मी म्हटलं, नाही. घरी येऊन रात्रभर बाबा दिसत राहिले. शेवटची वर्षं भिंतीला हात लावून चालायचे ते. ताटाशेजारचं पाण्याचं भांडं हटकून लवंडायचे. आई ओरडायची, आपण दोघं तोंड दाबून हसायचो. म्हातारे झाले, म्हणायचो सगळे. माझ्या आजच्या वयाचे होते ते.

दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सख्ख्या भावंडांनी तपासायलाच हवं. भाऊ काय करतात?"

ट्रक चालवतात, असं मला सांगता येईना. म्हटलं, "धंदा आहे त्याचा."

मागच्या वेळी तू जेवायला आला होतास तेव्हा कोपरानं ग्लास पाडलास. तू हसलास. वर्षात दोनदा तुझा आरसा गेला, दोन्ही वेळा एकाच बाजूचा. लोकांनाच अक्कल नाही असं मीही लिहून मोकळा झालो. नसेल काही. देव करो नि नसो. तू मला शिव्या घाल, म्हण दादाला स्वतःची गेली म्हणून सगळ्यांची गेलेली वाटते. पण घुमटात तोंड घालून ये. लवकर कळलं तर थेंबांवर भागतं, माझ्यासारखं उशिरा कळलं तर नाही. ट्रक गेला तर काय, हा प्रश्न मी तुझ्याआधी तुझ्यासाठी विचारलाय, आणि माझ्याकडं उत्तर नाही. पण त्या सायकलवाल्या बाईंचा तळहात अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्या पायाखाली चांगला ब्रेक होता. तू भरलेला ट्रक हाकतोस.

तुझी वेळ मी घेऊन ठेवली आहे, येत्या गुरुवारी सकाळची. बुधवारी वहिनी तुला न्यायला येईल, एकटीच. दोनच सीटा आहेत, म्हणून मी घरी थांबतो. तिचा पहिलाच लांबचा पल्ला आहे, तेव्हा तिच्या चालवण्याला नावं ठेवू नकोस आणि तिला रिकामं परत पाठवू नकोस. येताना चाक मागू नकोस. ती देणार नाही, मी सांगून ठेवलंय.

रागावलास तरी चालेल, रागावून बसून ये.

बाबांना जे कुणी विचारलं नाही, ते तुला विचारणारा,
तुझा दादा