सातव्या सामन्याची सकाळ

लुडविग्सहाफेन, ६ एप्रिल २०२५

ती. शोभनाताईस,
देवदत्तचा शि. सा. न. वि. वि.

स्वरयंत्र काढल्यापासून फोनवर तुला माझी नुसती घरघर ऐकू येते, म्हणून हे पत्र. जखम भरलीय. काळजी करू नकोस.

काळजी वैभवीची आहे. पंचवीस मेला तिच्या बास्केटबॉल क्लबची मॅच आहे, जिंकल्या तर वरच्या लीगमध्ये जातील. मी येणार नाही म्हटलं. दहा वर्षं पोरगी खेळतेय आणि मी एकदाही श्पोर्टहालेत, म्हणजे त्यांच्या खेळाच्या हॉलमध्ये, पाय ठेवलेला नाही. सुकन्याही विचारून थकली. बायको असून तिलासुद्धा जे सांगितलं नाही, ते आज तुला लिहितो.

चौऱ्याण्णवचा जून आठव. अमेरिकेतल्या बास्केटबॉलची फायनल, सात सामन्यांची. ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क, तीन-तीन. सहापैकी एकाही सामन्यात दहाचा फरक पडला नव्हता. सहावा तर शेवटच्या शॉटला एकाचं बोट लागलं म्हणून दोन गुणांनी न्यूयॉर्कच्या हातून गेला. सातवा आपल्याकडे सकाळी दिसायचा होता. मी शेजारच्या प्रतापच्या घरी बघत होतो, केबल आणि फोन त्यांच्याकडेच होता ना. तिसरा क्वार्टर चालू असताना दवाखान्यातून फोन आला, आईचं काही खरं दिसत नाही, लगेच या. निघतो म्हणालो, आणि परत बसलो. एवढा क्वार्टर होऊ दे, म्हटलं. मग पुढचाही होऊ दिला. सायकलवर दहा मिनिटांचा रस्ता होता, ताई. निरोप उशिरा मिळाला हे मी खोटं सांगितलं.

वाटेल तेवढी रागाव, पण उत्तर धाड.
तुझा,
देवदत्त


सांगली, २८ एप्रिल २०२५

चि. देवदत्त यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे तुझं, दोनदा वाचावं लागलं.

मला ठाऊक होतं. नर्सनं फोन ठेवून मला सांगितलं, भाऊ निघालाय. मी आईला तेच सांगितलं. ती दाराकडे तोंड करून पडून राहिली, पाऊण तास. देवा आला का, म्हणून दोनदा विचारलं. तू आलास तेव्हा मी तिचे डोळे मिटवले होते. शेजारी बाबा उभे होते म्हणून गप्प बसले, मग ती सवयच झाली. तू जर्मनीला निघालास तेव्हा स्टेशनवर आले नाही, ते काही ताप आला म्हणून नव्हे.

आईनं तुला माफ केलं असतं, असं लिहायला सोपं आहे. मला माहीत नाही. माझंही मला माहीत नाही. पण त्या पोरीनं काय केलंय? मॅचला जा. आणि मला सांगितलंस तसं तिलाही सांग.

गळ्याला गार वारा लागू देऊ नकोस. माया आहेच, रागही आहे.
तुझी,
ताई


लुडविग्सहाफेन, २६ मे २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गेलो. सगळे ओरडत होते, मी हाताची घडी घालून बसलो. वैभवीनं मला पाहिलं आणि तिच्या हातून पास सुटला. तीन गुणांनी हरल्या.

नंतर ट्रामस्टॉपच्या बाकावर मी तिला सगळं वहीत लिहून दिलं. मराठी तिला कळते पण वाचता येत नाही, म्हणून जर्मनमध्ये. वाचून तिनं विचारलं की आजीनं किती वेळ वाट पाहिली. मी खरं लिहिलं. ती म्हणाली, इतकी वर्षं तिला वाटायचं की ती वाईट खेळते म्हणून मी येत नाही. मग ट्राममध्ये माझ्यापासून लांब बसली. घरी जेवली नाही.

आज शाळेला निघताना तिनं आजीचं नाव विचारलं. ताई, मी आईचं नावसुद्धा पोरीला कधी सांगितलं नव्हतं. रोमन लिपीत लिहून दिलं, शरयू. तिनं ते मोठ्यानं वाचलं. शारायू म्हणाली, आणि चूक दुरुस्त करायला मला आवाज नव्हता.

पत्र पोचलं की तिला फोन कर. नाव नीट म्हणून दाखव.

तुझाच,
देवदत्त