उणे अठरावर स्थिर

४ मे २०१४, रविवार

आजपासून रोजनिशी. आयुष्यातला कुठला काळ महत्त्वाचा ठरणार हे आधी कळत नाही, म्हणून नोंद असलेली बरी.

निमित्त असं: कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, मेलिंग लिस्टवर नवा ड्रायव्हर आलाय. टेम्परेचर मोजणाऱ्या चिपचा. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामधला दुभाष्या. यंत्र काय म्हणतंय ते तो सांगतो, आपण विश्वास ठेवतो. मेंटेनर, म्हणजे कोड आत घ्यायचा की नाही ते ठरवणारा, जर्मनीतला, कमी बोलणारा. त्याने लिहिलंय की दुसऱ्या कुणी रिव्ह्यू केल्याशिवाय हा घेणार नाही. कुणी पुढे येईना. मी लिहिलं, 'आय विल रिव्ह्यू.' एवढंच. कमी शब्दांत वजन असतं.

माझा अनुभव दांडगा. गेल्या वर्षी माझा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, कर्नलमध्ये गेला आहे. एका कॉमेंटमधलं स्पेलिंग होतं. पण गेला आहे.

रमाला सांगितलं, कर्नलचं काम मिळालं. तिला वाटलं मिलिटरीतला. म्हणाली, "पगार किती?" समजावलं की जगभरातले लोक हे फुकट करतात, म्हणून चांगलं होतं. ती म्हणाली, "घरातलं मीपण फुकटच करते." विषय वेगळा आहे.

७ मे, बुधवार

ड्रायव्हर लिहिणारी मुंबईतलीच निघाली. गुणवंती. माटुंग्यात एका छोट्या कंपनीत बोर्ड बनवते. उडप्याकडे भेटलो. वय पंचविशीच्या आत. प्रत्येक वाक्यात 'सर'. बरं वाटलं. ऑफिसात मला कुणी सर म्हणत नाही, 'प्रिंटर बघ ना' म्हणतात.

टेस्टिंगसाठी तिने बोर्ड दिला. म्हणाली, "सर, एक गोष्ट खास बघा. सेन्सरची वायर तुटली तर ड्रायव्हरने एरर द्यायला हवी. ते माझ्याकडून नीट तपासून झालेलं नाही. तुम्ही एकदा वायर काढून बघाल?"

म्हटलं, "ते तर पहिलं."

कॉफीचे पैसे तिनेच दिले. आग्रहच केला.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून कोड वाचायचा.

११ मे, रविवार

पाचला उठलो नाही. कारणं माझ्या हातातली नाहीत. बीडीडी चाळीतली एक खोली, त्यात वडिलांचा, आप्पांचा खोकला, आणि नळ पाचलाच येतो. पूर्ण मजल्याच्या बादल्या आदळत असताना कर्नल वाचता येत नाही.

शिवाजी पार्कला जाऊन कट्ट्यावर प्रिंटआउट वाचायला बसलो. नेट प्रॅक्टिसचा बॉल पायावर आला. पहिलं पान बऱ्यापैकी झालं. लायसन्स आहे त्यावर.

१७ मे, शनिवार

रिव्ह्यू पाठवला! कडक. कॉमेंटच्या शेवटी पूर्णविराम नाही. टॅबच्या जागी स्पेस. 'टेम्परेचर'चं स्पेलिंग एके ठिकाणी चुकलंय (स्पेलिंग ही माझी हातोटी). मधला भाग, म्हणजे चिपशी प्रत्यक्ष बोलणं वगैरे, वरवर पाहिला. ठीक वाटतो. मुलगी हुशार आहे, तिने केलं असेल बरोबर.

२० मे, मंगळवार

गुणवंतीने सगळं दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवली. खाली लिहिलं होतं: वायर काढून बघितलंत का, सर?

लिहिलं, 'इन प्रोग्रेस.' खोटं नाही. मनात चालू आहे.

२५ मे, रविवार

जबरदस्त कल्पना! टेबलावर बोर्ड ठेवून बघणं ही कॉलेजच्या पोरांची टेस्टिंग. खरी टेस्टिंग खऱ्या जगात.

लहू कोळीवाड्यातला. म्युनिसिपल शाळेत पहिलीपासून एका बाकावर. त्याने आणि शेवंतावहिनींनी जेट्टीजवळ लहानशी कोल्ड रूम बांधली आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दिवसांत हाच आधार. आधीचा माल बर्फगार ठेवायचा आणि बंदीत विकायचा. थंडी राखायला भिंतीवर जुना थर्मोस्टॅट होता, गंजलेला, अडाणी.

तो काढला. माझा बोर्ड बसवला. आत उणे सोळाच्या वर गेलं की कॉम्प्रेसर आपोआप सुरू, उणे अठरा झालं की बंद. आकडा थेट माझ्या मोबाइलवर.

लहू म्हणाला, "काय रं भिवा, बंद नाय ना पडनार?"

म्हटलं, "अरे, उद्या हे जगभर जाणार आहे."

तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. जुना थर्मोस्टॅट त्यांनी पुसून फळीवर ठेवला. बायकांना जुन्या वस्तूंचा सोस.

१ जून, रविवार

आकडा उत्तम. उणे सतरा, उणे अठरा, परत उणे सतरा. कॉम्प्रेसर धडधडतो, थांबतो. लहूकडे उभा राहून बराच वेळ ऐकलं. आपल्या हाताचं काम असं ऐकू येणं नशिबाची गोष्ट.

वायर काढायची होती. पण चालत्या गाड्याला खीळ कशाला?

८ जून, रविवार

बंदी तोंडावर. कोल्ड रूम ठासून भरली. पापलेट, सुरमई, कोळंबी. लहूचा एकट्याचा माल नाही. वहिनींच्या भावांच्या दोन होड्यांचा, शिवाय शेजारच्या राधाबाईंचा. राधाबाई विधवा, पावसाळ्याचे दोन महिने त्या मालावरच काढतात. टोपली आत ठेवताना मला विचारलं, "पोरा, नीट हाय ना?"

मोबाइल दाखवला. उणे अठरा. त्यांना आकडा वाचता येत नव्हता, पण मान हलवली.

१० जून, मंगळवार

आजचा आकडा: उणे अठरा पॉइंट दोन. सकाळी तोच. दुपारी तोच. संध्याकाळीही तोच! बोर्ड सरावला की असा स्थिरावतो. ऑफिसात सगळ्यांना दाखवला. प्रिंटरवाल्यांनाही.

मेंटेनरची मेल: ह्या खेपेला ड्रायव्हर घ्यायचा तर टेस्टिंगचं उद्यापर्यंत कळवा.

११ जून, बुधवार

विचार केला. वायर काढून बघायला कोळीवाड्यात जावं लागणार. उकाडा भयंकर. आणि मुद्दा तर्काचा आहे: वायर काढली की एरर येणार, हे मला माहीत आहे. माहीत असलेलं बघायला कशाला जायचं?

पाठवलं. 'रिव्ह्यूड-बाय.' खाली 'टेस्टेड-बाय.' वाचणारा मी, तपासणारा मी; दोन्हीकडे माझं नाव. गुणवंतीने आभार मानले. मेंटेनरने लिहिलं, 'अप्लाइड.' ड्रायव्हर आत.

रमाला दाखवलं. तिने माझं नाव मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, "चांगलंय." मनापासून म्हणाली. आज जेवण गोड लागलं.

१३ जून, शुक्रवार

आकडा उणे अठरा पॉइंट दोन.

वहिनींचा फोन. लहू इंजिनच्या कामाला अलिबागला गेलाय. म्हणाल्या, "भावजी, कॉम्प्रेसर मंगळवारपासून वाजला नाही."

म्हटलं, वाजणारच नाही! आत थंडी आहे तर कशाला वाजेल? वीज वाचतेय.

घरी हे कौतुकाने सांगत होतो. आप्पा खाटेवरून ऐकत होते. आप्पा गिरणीतले. ब्याऐंशीच्या संपानंतर त्यांना परत कुणी बोलावलं नाही. म्हणाले, "संप झाला तेव्हा भोंगे थांबले. पहिले काही दिवस काय बरं वाटायचं, भिवा. सगळं शांत. पोटभर झोप."

मग कूस बदलली. आप्पांचं हल्ली विषयाशी सुसंगत नसतं.

१४ जून, शनिवार

परत वहिनींचा फोन. दाराखालून पाणी येतंय. उघडून बघू का?

अजिबात नको म्हटलं. डिफ्रॉस्ट होत असेल. दार उघडलं की थंडी बाहेर पडते, मग सगळ्या मेहनतीवर पाणी. (कोटी आपोआप झाली. त्या हसल्या नाहीत.)

"तुमी येऊन बघता का?" म्हणाल्या.

म्हटलं, मी इथून बघतोच आहे. उणे अठरा पॉइंट दोन.

त्या म्हणाल्या, "बरं भावजी. तुमी म्हनता तर."

१६ जून, सोमवार

वहिनी म्हणाल्या, वास येतोय. मी म्हटलं, वहिनी, कोळीवाड्यात वास कुठे नाही?

त्यांनी फोन ठेवला.

असं बोलायला नको होतं. पण आकड्याचं काय? आकडा दशांशापर्यंत येतो.

नाकाला दशांश नसतो.

आज आकडा फार वेळा बघितला. जेवताना रमाने मोबाइल उलटा ठेवला. मी सुलटा केला.

१७ जून, मंगळवार

ऑफिसात गुणवंतीची मेल. लिस्टवर नाही, मला एकट्याला.

'सर, अर्जंट. माझ्या कोडमध्ये चूक सापडली. सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर एरर देत नाही, आधीचाच आकडा परत परत देतो. तुमच्या टेस्टमध्ये हे कसं दिसलं नाही? कुठे लावला असेल तर प्लीज आधी बंद करा.'

मोबाइल बघितला. उणे अठरा पॉइंट दोन.

टॅक्सी केली. परळहून वरळी, प्रत्येक सिग्नल लाल. मोबाइल बघत राहिलो. एकदा तरी हल, म्हटलं. सतरा हो. वीस हो. काहीही हो.

लहू अलिबागहून नुकताच परतला होता. पिशवी अजून खांद्यावर. माझा चेहरा बघितला. कडी त्याने काढली.

आतून हवा आली ती गरम होती.

लिहिण्यासारखं नाही. माश्या कुठून आल्या कळत नाही, दार तर बंद होतं. वरच्या टोपल्यांतलं पाणी खालच्या टोपल्यांत, खालचं जमिनीवर. लहू घोट्यापर्यंत त्यात उभा राहून एकेक पापलेट हाताने दाबून बघत होता. बोट आत जायचं. तरी पुढचं घ्यायचा. वहिनी दारातच खाली बसल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी इचारलं होतं."

ओरडल्या नाहीत. मी वाट बघत होतो.

मागच्या भिंतीला सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली. दोन तुकडे. शेजारी भिंतीवर माझा बोर्ड, हिरवा दिवा लुकलुकत.

राधाबाई आल्या. त्यांनी आपली टोपली ओळखली.

१८ जून, बुधवार

म्युनिसिपालटीचा डंपर. कामगारांनी नाकाला फडकी बांधली होती. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. मी पाटी उचलायला पुढे झालो तर वहिनींच्या भावाने ती माझ्या हातातून काढून घेतली.

घरी आंघोळ केली. परत केली. रमाने न विचारता तिसऱ्यांदा पाणी तापवलं.

२० जून, शुक्रवार

शांतपणे विचार करता जबाबदारीची वाटणी अशी: उंदीर. मग गुणवंती, चूक तिच्या कोडमध्ये. मग मेंटेनर, त्याने घाई केली. मग लहू, अलिबागला गेला. माझ्याकडे रिव्ह्यू होता. रिव्ह्यू म्हणजे शेवटी एक मत.

लिस्टवर सविस्तर मेल लिहिली. 'प्रत्यक्ष वापरात आढळलेला दोष.' भाषा चांगली जमली.

२४ जून, मंगळवार

गुणवंतीची दुरुस्ती कर्नलमध्ये गेली. त्यात रिवाजाप्रमाणे 'रिपोर्टेड-बाय', दोष कळवणाऱ्याचं नाव. माझं! मेंटेनरने लिहिलंय, असे टेस्टर दुर्मीळ असतात.

कर्नलमध्ये आता माझं नाव आणखी एकदा. रमाला दाखवायला मोबाइल पुढे केला. ती भाजी चिरत होती. तिने वाचलं नाही. म्हणाली, "राधाबाई मुलीकडे भिवंडीला राहायला गेल्या. आज कळलं."

मोबाइल खिशात ठेवला.

२९ जून, रविवार

गुणवंतीची मेल. 'सर, मी रोज तोच विचार करते. चूक माझी आहे, मला मान्य आहे. फक्त एक सांगाल? तुम्ही वायर काढून बघितली होती ना? तेव्हा काय आलं होतं?'

उत्तर द्यायचं आहे. शब्द जुळवतोय. आज तिसरा मसुदा. पूर्णविराम सगळे बरोबर आहेत.

१३ जुलै, रविवार

हिंमत करून कोळीवाड्यात गेलो. टॅक्सीत सगळं पाठ केलं होतं: उंदीर, घाई, खुल्या पद्धतीत दोष सामुदायिक असतो, वगैरे.

कोल्ड रूमचं दार उघडं. आत फिनेलचा वास आणि ढोलताशांचे खोके. कुणातरी मंडळाला गोडाऊन म्हणून दिली आहे. लहू पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून सरकला, जागा केली. वहिनी आत होत्या. बाहेर आल्या नाहीत. चहा मात्र आला, कुणाच्या तरी हाती.

मी सुरुवात करणार तेवढ्यात तोच म्हणाला, "जाऊ दे रे. तुझा काय दोस. मशीनचाच."

हेच ऐकायला इतक्या लांब आलो होतो. ऐकलं. पाठ केलेलं तसंच राहिलं. चहा पीत राहिलो.

चहा संपत आला तेव्हा तो म्हणाला, "होडी काढली इकायला. मेव्हन्यांचा माल भरून द्यायचाय." मग दुसरीकडे बघत, "तुज्या हापिसात सिक्युरिटीत मानूस लागतो का? नायतर गोडाऊनला. तू तिथं मोठा हायस. शब्द टाक ना."

पहिलीपासून एका बाकावर बसलोय. लहूने कधी कुणाकडे काही मागितलेलं मला माहीत नाही.

मी म्हटलं, "अरे, एचआरवाला खास आपला माणूस. झालं म्हणून समज."

तो माझ्याकडे बघून हसला. विश्वास ठेवल्यासारखा. आतून वहिनींनी विचारलं, "काय म्हनाले?" तो म्हणाला, "व्हईल म्हनतो."

उद्या ऑफिसात गेल्यावर पहिलं काम: आपल्याकडे एचआर कोण बघतं, कुठल्या मजल्यावर बसतं, ते कुणाला तरी विचारायचं.