फर्स्ट नेम: कुबल

३ नोव्हेंबर, सकाळी ११
मुलीच्या, मनालीच्या कॉलेजची नोटीस. स्कॉलरशिपचा अर्ज परत आलाय, सबब पूर्ण फी भरा. बासष्ट हजार. नाहीतर परीक्षेचं हॉल तिकीट नाही. अर्ज मी स्वतः भरलेला. म्हणजे चूक कॉलेजचीच. लालबागच्या आमच्या अख्ख्या चाळीचे फॉर्म मी भरतो. बत्तीस वर्षं क्लार्की उगाच नाही केली.

४ नोव्हेंबर
कॉलेजात गेलो. काउंटरवरचे गौतम म्हणून क्लार्क सांगतात, काका, तुम्ही फर्स्ट नेममध्ये कुबल टाकलंय आणि लास्ट नेममध्ये दौलत. आधारशी जुळत नाही. मी म्हटलं, कुबल मनाली दौलत. दहावीच्या सर्टिफिकेटवर असंच आहे, आडनाव आधी. फर्स्ट म्हणजे पहिलं, एवढं इंग्रजी मला येतं. तर म्हणे, ऑनलाइन दुरुस्त करा, पाच मिनिटांचं काम, वीस तारखेपर्यंत मुदत.
दुरुस्त करणं म्हणजे चूक कबूल करणं. जमणार नाही.

७ नोव्हेंबर
प्राचार्यांना तक्रारपत्र. मसुदा पहिला, चार पानं. बायको, कालिंदी, म्हणाली, अहो, पाच मिनिटांचं आहे तर करून टाका ना. हिला तत्त्व म्हणून कळत नाही.

१२ नोव्हेंबर
मसुदा तिसरा. 'सखेद' काढून 'तीव्र निषेधपूर्वक' घातलं. मनाली म्हणाली, बाबा, मीच करते दुरुस्त, ओटीपी तेवढा द्या. लॉगिनचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. मी म्हटलं, तू अभ्यास कर. मी आहे ना.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी ६
पत्र द्यायला स्वतः प्राचार्यांच्या ऑफिसात. अडीच तास बसवलं. ऑफिसात मोबाइल सायलेंट, ही माझी शिस्त. पाच वीसला बाहेर आलो तर मनालीचे सात मिस्ड कॉल, चार ओटीपी. पोर्टल पाचला बंद झालं.
पण पोच मिळाली, शिक्क्यासकट. बाजू भक्कम आहे.

२४ नोव्हेंबर
प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, कुबलसाहेब, पत्राचं मराठी उत्तम. पण मुदत संपली, आता माझ्याही हातात काही नाही. फी भरा.
फंड गेल्या वर्षी कालिंदीच्या ऑपरेशनला गेला. दादरच्या पतपेढीत विचारलं, जामीन दोन हवेत. चाळीत सगळ्यांचे फॉर्म भरले, सही द्यायला कोणी नाही. भीती वाटते. हे कालिंदीला सांगितलेलं नाही.

२९ नोव्हेंबर
काल फी भरायची शेवटची तारीख गेली. मनाली यंदा परीक्षेला बसत नाही. सोमवारपासून हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला जाणार, तिचं तिनेच ठरवलं. जेवताना हळूच म्हणाली, बाबा, पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरू का?
चिडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी नुसती होकारार्थी मान हलवली.